न सापडलेला वादक

उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रायश्चित्तकाळात तो वाचला जातो, त्यावर प्रवचने होतात, मुलांच्या स्नेहसंमेलनात त्याची नाटुकली बसवली जाते. दर वेळी आपण त्या धाकट्या मुलाबरोबर दूरदेशी जातो, डुकरांपुढच्या शेंगांकडे आशाळभूतपणे पाहतो आणि त्याच्याच पावलांनी घरी परततो. पिता धावत येतो, मिठी मारतो. अंगठी येते, जोडे येतात, पोसलेले वासरू कापले जाते. पश्चात्तापाची एवढी बोलकी गोष्ट जगाच्या वाङ्मयात क्वचितच असेल.

परंतु वाचकहो, तो मुलगा परमुलखात पैसा उडवीत होता त्या काळात घरात काय चालले होते, याविषयी लूक काहीच सांगत नाही. वाटणीत अर्धेमुर्धे शिवार गेल्यावर उरलेल्यांनी कसे भागवले? त्या दाखल्यात आई नाही. ती होती की आधीच गेली होती? थोरल्या भावाला तेवढी तक्रारीची दोन वाक्ये मिळाली आहेत आणि त्या दोन वाक्यांबद्दल आपण त्याला आजतागायत बोल लावत आलो आहोत.

मला हा दाखला नेहमी घराच्या आतल्या बाजूने ऐकावा लागला. कारण आमच्या घरी जो दूरदेशी गेला आणि पुष्कळ वर्षांनी परत आला, तो मुलगा नव्हता, बाप होता.

आमचे घर वसईतले. घरामागे केळीची लहानशी वाडी, कडेला चार माड आणि अळवाचा पाट. बाबा मेहनती होते. शुद्धीवर असताना त्यांच्यासारखा मृदू माणूस शोधून सापडला नसता. केळीचा घड उतरवताना खालचे लहान रोप मोडू नये म्हणून ते जी काळजी घेत, तीच काळजी आम्हा भावंडांना घोंगडीखाली घालतानाही घेत. हे मी मुद्दाम सांगते. कारण दारुड्या माणसाविषयी लिहिताना त्याला राक्षस करून टाकणे फार सोपे असते. राक्षसाचा मुलांना केवळ राग आला असता. आमची पंचाईत अशी होती की त्या माणसावर आमचा जीव होता.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे दारू कागदोपत्री वर्ज्य होती. प्रत्यक्षात गूळ आणि नवसागर घालून केलेली हातभट्टीची गावठी रबरी ट्यूबांतून कुठेही पोहोचे. माझ्या आठवणीतले बाबा संध्याकाळी दोन रीतींनी घरी येत. अंगणात शिरण्यापूर्वी, वळणावरच्या फरशीवर त्यांची चप्पल वाजली की आई हातातले काम थांबवून ऐके. पाऊल सरळ पडले तर ती पुन्हा कामाला लागे. पाऊल ओढत आले तर ती माझ्या धाकट्या भावाला उचलून आतल्या खोलीत नेई आणि मी चुलीवरचे भांडे खाली उतरवून ठेवी, कारण उकळते कालवण कुणाच्या अंगावर जाऊ नये. सात वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवत नाही. ते येते.

आईपाशी पायाचे शिलाई मशीन होते. तिच्या माहेरून आलेले. त्यावर ती गावातल्या मुलींचे पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे पांढरे झगे शिवी, बाळंतिणींसाठी झबली शिवी, आणि आमच्या शाळेची फी त्यातूनच निघे. १९६७ च्या पावसाळ्यापूर्वी एका दुपारी आम्ही शाळेतून आलो तेव्हा मशीनच्या जागी जमिनीवर चार खुणा होत्या. आईच्या मांडीवर एक अर्धा शिवलेला झगा होता. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीचा ख्रिस्तप्रसाद होता. आईने तो झगा हाताने पुरा केला, चार रात्री जागून. त्या मुलीच्या घरच्यांनी शिलाईचे पैसे देताना टाके लहान-मोठे पडले आहेत अशी कुरकूर केल्याचेही मला आठवते.

आईला लोक सांगत, "हा तुझा क्रूस आहे, तो वाहा." सांगणारे वाईट नव्हते; त्यात भाविक बायका होत्या, नात्यातली वडीलधारी माणसे होती. तरी त्या वाक्याविषयी मला आजही लिहावेसे वाटते. प्रभूने शिष्यांना आपला क्रूस उचलायला सांगितले, दुसऱ्याच्या पाठीवर तो ठेवायला सांगितले नाही. नवऱ्याची मारहाण हा क्रूस आहे असे बायकोने मानावे, ही शिकवण आपल्या समाजात रूढ झाली खरी. पण ती ख्रिस्तसभेच्या कायद्यात नाही. १९८३ च्या कॅनन लॉचे ११५३ वे कलम स्वच्छ सांगते की, जोडीदारामुळे दुसऱ्याच्या वा मुलांच्या आत्म्याला किंवा शरीराला गंभीर धोका असेल, किंवा एकत्र राहणेच अतिशय कठीण झाले असेल, तर वेगळे राहण्यास योग्य कारण आहे. आधीच्या १९१७ च्या संहितेतही अशी मुभा होती. माझ्या आईला ते कुणी सांगितले नाही. सांगितले असते तर ती गेली असती की नाही, हा प्रश्न निराळा. तिला निवड करता आली असती.

१९७१ साली माझ्या एस.एस.सी.च्या परीक्षेची फी अशीच गेली. माझे एक वर्ष गेले, पुढच्या वर्षी मी बसले आणि पास झाले. त्यावर अधिक लिहिण्याजोगे काही नाही. १९७६ साली आई वारली. पोटाचे दुखणे होते, उपचार उशिरा सुरू झाले. तिच्या दफनविधीला बाबा नीट उभे राहू शकले नाहीत, आणि ते दुःखामुळे नव्हते हे कब्रस्तानातल्या प्रत्येकाला कळत होते.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९७९ मध्ये, बाबांचा एक जुना पिण्यातला सोबती त्यांना एका सभेला घेऊन गेला. तो स्वतः दोन वर्षे प्यायला नव्हता. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या नावाची ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. त्यांतला एक शेअर दलालीच्या धंद्यातला होता, दुसरा शल्यचिकित्सक. भारतात ती १९५७ साली आली. तिचे तत्त्व साधे आहे. पिणाऱ्याला न पिणाऱ्याचा उपदेश लागू पडत नाही; जो पीत होता आणि आज पीत नाही, त्याचे बोलणे लागू पडते. म्हणजे एरवी ज्या गोष्टीची लाज वाटावी तीच इथे हातातले हत्यार होते.

या चळवळीच्या आरंभीच्या इतिहासात एक व्रतस्थ भगिनी आहेत, त्यांच्याविषयी मला विशेष आत्मीयता वाटते. सिस्टर इग्नेशिया या मूळच्या आयर्लंडच्या. त्या संगीत शिकवीत. मानसिक ताणाने त्या इतक्या खचल्या की संगीताचे काम सोडावे लागले आणि ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात रुग्णांची नोंदणी करण्याच्या टेबलावर त्यांना बसवण्यात आले. तिथेच १९३९ साली, दारुड्यांना हॉस्पिटले दारात उभे करीत नव्हती त्या काळात, त्यांनी एका मद्यपीला पोटाच्या विकाराचा रुग्ण म्हणून दाखल करून घेतले. पुढे हजारो आले. बरा होऊन निघालेल्याला त्या पवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला देत आणि बजावत की, पुन्हा पहिला पेला घेण्याची वेळ आली तर आधी हा बिल्ला मला परत आणून द्यायचा. स्वतःचे मन एकदा मोडलेल्या बाईलाच ही युक्ती सुचावी!

बाबा त्या सभेला गेले आणि जात राहिले. पहिले वर्ष कसे गेले ते मला माहीत आहे. रात्री अंगणात येरझाऱ्या घालणारा त्यांचा कंदील मी पाहिला आहे. परंतु १९७९ पासून १९९८ साली देवाघरी जाईपर्यंत, एकोणीस वर्षे, त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. गावातल्या आणि शेजारच्या धर्मग्रामांतल्या कितीतरी माणसांना ते सभेला घेऊन गेले. कुणाच्या दारी रात्री अपरात्री निरोप आला की बाबा टॉर्च घेऊन निघत. धर्मगुरू प्रवचनात नाव न घेता त्यांचा उल्लेख करीत. ज्या पोरांनी एके काळी त्यांच्या मागून हुर्यो केली होती, त्यांचीच मुले आता त्यांना "काका" म्हणून वाटेत थांबवीत.

साधारण १९८६ साल असावे. त्यांच्या गटाच्या वर्धापनदिनी खुली सभा होती आणि घरच्यांनाही बोलावणे होते. शाळेच्या वर्गात बाके मांडली होती. बाबा उठले, नेहमीप्रमाणे आपले नाव सांगून "मी दारुडा आहे" म्हणाले, आणि त्यांनी मशीनची गोष्ट सांगितली. विकत घेणाऱ्याने विचारले की मशीन चालते का. तेव्हा बाबांनी तिथेच पाटावर बसून, नशेत, पॅडल मारून एका चिंधीवर सरळ शिवण घालून दाखवली. "आयुष्यात तेवढे एकच शिवणकाम मी केले," ते म्हणाले. सभेत हशा पिकला. त्या सभांमध्ये असे हसणे चालते. ते कुचेष्टेचे नसते, "आम्हीही तसेच" असे त्यात असते. हसता हसता पुष्कळांचे डोळे भरले. एक तरुण मुलगा सभेनंतर त्यांचे दोन्ही हात धरून उभा राहिला.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. त्या मशीनच्या गोष्टीने त्या तरुणाचा संसार वाचला असेल; मला त्याचा आनंदच होता. पण मनात एक हिशोब मांडला गेला तो पुसता येईना. पाप त्यांचे, पश्चात्ताप त्यांचा, आणि आता त्या पापाचे जे सोने झाले तेही त्यांचेच. आईच्या चार रात्री कोणाच्या खाती? ती तर कब्रस्तानात. देवाने मोडक्यातोडक्या माणसाचे सोने केले, असे आपण साक्ष देताना म्हणतो. ज्याने मोडले त्याचे सोने होते, हे मी डोळ्यांनी पाहिले. ज्याचे मोडले त्याचे काय होते?

हा प्रश्न मी कितीतरी दिवस कुणाला विचारला नाही. पुढे एका सिस्टरांनी मला मॅट टॅलबॉट यांचे लहानसे इंग्रजी चरित्र वाचायला दिले. डब्लिनचा हा मजूर २ मे १८५६ रोजी जन्मला. बाराव्या वर्षी दारूच्या गुदामात कामाला लागला आणि लवकरच झिंगून घरी येऊ लागला. पगार होताच तो पिण्यात जाई, कपडे आणि बूटही जात. १८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, एका शनिवारी खिशात दमडी नसताना तो दोस्तांची वाट पाहत उभा राहिला. ज्यांना त्याने पाजले होते त्यांपैकी एकानेही त्याला "चल" म्हटले नाही. तो घरी आला आणि दारू सोडण्याची शपथ घेतो असे आईला म्हणाला. आधी तीन महिन्यांची शपथ, नंतर जन्माची. लाकडाच्या वखारीत तो ओझी उचलीत राहिला, पहाटे मिस्साला जात राहिला, आणि ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, चर्चला जाताना डब्लिनच्या ग्रॅनबी लेनमध्ये कोसळून मरण पावला. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्याला 'आदरणीय' म्हणून घोषित केले.

पण मी थबकले ती एका लहान प्रसंगापाशी. पिण्याच्या दिवसांत मॅट आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका गरीब वादकाचे फिडल, म्हणजे आपले व्हायोलिन, चोरले आणि त्याच्या पैशाची दारू प्यायले. काही चरित्रकार म्हणतात की तो वादक आंधळा होता. दारू सोडल्यावर मॅटने एकेक देणे फेडले, आणि त्या वादकाला तो डब्लिनभर शोधत फिरला. तो सापडला नाही. अखेर त्याला द्यायचे पैसे मॅटने चर्चला दिले आणि त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या.

चरित्र पुढे सरकते. ते मॅटचे चरित्र आहे, तेव्हा ते रास्तच. मी मात्र त्या वादकापाशीच राहिले. सकाळी उठून त्याने हात लांबवला असेल आणि हाताला काही लागले नसेल. त्याचे नाव कुणालाही ठाऊक नाही. आपल्या वाद्याच्या चोराला उद्या लोक संत म्हणतील, हे त्याला कळण्याचा संभव नव्हता. शाळेतून येऊन जमिनीवर चार खुणा पाहणाऱ्या मुलीला तो अनोळखी कसा वाटेल?

मॅटच्या आईची अखेरची वर्षे लेकाजवळ गेली; रात्री जाग आली की गुडघ्यांवर टेकलेला लेक तिला दिसे, असे वाचले. म्हणजे तिच्या पदरी काहीतरी पडले. माझ्या आईची गत त्या वादकासारखी झाली. तिचा देणेकरी सुधारून परत आला तेव्हा ती पत्त्यावर नव्हती.

त्या वर्षीच्या पुनरुत्थानकाळात योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय ऐकताना मला एक गोष्ट पहिल्यांदाच लागली. म्हणजे ऐकली शंभरदा होती, लागली तेव्हा. बंद दारांच्या खोलीत प्रभू येतो. त्याला ओळखावे म्हणून तो काय दाखवतो? चमत्कार नाही, तेजोवलय नाही. हात आणि कूस. आठ दिवसांनी थोमालाही तो त्याच खुणा पुढे करतो. ज्याने मरण जिंकले त्याला पाच घाव बुजवणे अवघड नव्हते. त्याने ते ठेवले. तिसऱ्या दिवशीचे नवे शरीर जुन्या जखमांसह उठले. संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात यावरच विचार केला आहे. त्यांना वाटते की हुतात्म्यांच्या अंगावरचे व्रण स्वर्गातही दिसतील. तुटलेले अवयव त्यांना परत मिळतील, पण व्रण राहतील, आणि ते व्यंग नसून भूषण असेल. संत थॉमस अक्वायनस यांनीही ख्रिस्ताच्या व्रणांविषयी असाच विवेक केला आहे.

इथे मला माझ्या हिशोबाची दुसरी बाजू दिसली. आपण साक्षीत सांगतो ती बहुधा पेत्राची गोष्ट असते. पेत्राने मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी तीनदा नाकारले. आणि पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून त्याला तीनदा विचारले. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. पेत्राला त्याच्या पापाच्या जागी परत नेऊन तिथून कळपाची राखण सोपवली गेली. बाबांचे तसेच झाले. पण प्रभूच्या स्वतःच्या अंगावरचे घाव त्याने केलेल्या चुकांचे नव्हते. ते दुसऱ्यांनी केले होते. ज्याने मोडले त्याच्यासाठी पेत्र आहे. आणि ज्याचे मोडले गेले त्याच्या बाजूला खुद्द ख्रिस्त उभा आहे, आपले घाव उघडे ठेवून. माझी आई पश्चात्तापाच्या गोष्टीत कुठे बसत नव्हती, कारण ती त्या गोष्टीतली नव्हतीच.

आणि म्हणून मॅटने त्या वादकासाठी मिस्सा अर्पण करविल्या, त्यातला अर्थही मला हळूहळू उमगला. आधी मला तो मनाचे समाधान करून घेण्याचा प्रकार वाटला होता. गरिबाला वाद्य हवे, मिस्साचे तो काय करील? परंतु मॅट तो शोध सोडून देत नव्हता. आपल्याला न सापडणारा माणूस ज्याला नक्की ठाऊक आहे, त्याच्या हाती तो देणे ठेवत होता. बाबा दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आईच्या नावाने मिस्सा लावीत. त्या दिवशी ते जेवत नसत. त्यांना काही विचारण्याची मला त्यानंतर गरज वाटली नाही.

एक गैरसमज राहू नये. देवाने आमचे भले व्हावे म्हणून बाबांना दारू लावली, असे मी मानत नाही, आणि कुणी तसे म्हणाले तर मी शांतपणे नाही म्हणते. पास्काच्या जागरणविधीत आदामाच्या अपराधाला भाग्याचा म्हटले आहे. तरी त्या रात्री कुणी आदामाचे अभिनंदन करीत नाही. भाग्य तारणाऱ्याच्या येण्यात आहे. योसेफाने भावांना क्षमा केली तेव्हाही, त्यांनी त्याचे वाईट चिंतले होते हे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. देवाने त्यातून भले घडवले हे त्यानंतर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. वाईटाला आधी वाईट म्हटल्यावाचून त्यातून निघालेल्या भल्याला तोंड फुटत नाही.

मी पुढे शिक्षिका झाले आणि २०१३ पर्यंत शाळेत शिकवले. नवा वर्ग मिळाला की पहिल्या महिन्याभरात मला काही मुले वेगळी दिसू लागत. ती मस्ती करीत नसत. उलट फार शहाणी असत. व्हरांड्यात कुणाचे पाऊल वाजले की इतर मुले दाराकडे पाहत आणि ही मुले खाली वहीकडे पाहत, पण कान दाराकडे. मैत्रिणींना ती घरी बोलावत नसत. फीची तारीख जवळ आली की त्यांचे पोट दुखे. कुणी मला सांगण्यापूर्वीच मला माहीत झालेले असे. वळणावरच्या फरशीने जे माझ्या कानांना शिकवले ते डी.एड.च्या पुस्तकात नव्हते. अशा मुलाला मी काही विचारत नसे. मधल्या सुट्टीत खडू मोजण्याचे वा वह्या लावण्याचे काम देऊन जवळ ठेवी. कधी आठ दिवसांनी, कधी सहा महिन्यांनी ते बोले. काही जण बोललेच नाहीत. तरी खडू मोजायला येत राहिले. त्यांच्यापैकी एक मुलगी आज परिचारिका आहे, एक मुलगा वाया गेला. सगळ्यांचे चांगले झाले असे सांगण्याचा मोह होतो, पण तसे झाले नाही.

बाबांच्या शेवटच्या पावसाळ्यात मी रजा घेऊन त्यांच्या उशाशी होते. बोलणे कमी झाले होते. एका रात्री पावसाची सर थांबली तेव्हा ते म्हणाले, "बाय, तुझी आई मला ओळखील का?"

एकोणीस वर्षे त्यांनी सभेत तिच्याविषयी सांगितले होते. मला मात्र हे पहिल्यांदाच विचारले. मी म्हटले, "ओळखील, बाबा. पावलांवरून."

त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, "सरळ पडतात आता."

"ऐकते ना मी," मी म्हटले.

त्यांच्या अंत्ययात्रेला गटातली माणसे आली होती, काही लांबच्या गावांहून, दोन गाड्या बदलून. शवपेटीला खांदा त्यांनीच दिला. आम्ही हरकत घेतली नाही. त्यांच्या बायकाही आल्या होत्या, आणि त्या नेहमीप्रमाणे मागे, कब्रस्तानाच्या भिंतीकडे उभ्या होत्या. विधी आटोपल्यावर माणसे पांगली. त्यांतली एक पन्नाशीची बाई माझ्याजवळ आली. तिच्या नवऱ्याला बाबांनी सभेला नेले होते. सांत्वनाचे जे बोलायचे ते ती बोलली. मग जरा घुटमळली आणि तिने विचारले, "ते मशीन कुठल्या कंपनीचे होते हो?"

मशीनची गोष्ट त्या सभांतल्या सगळ्यांना पाठ होती. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितले, "उषा. पायाचे. डाव्या बाजूच्या खणात आईची बटणांची डबी असायची."

"डबीपण गेली?"

"डबीपण."

तिने मान हलवली. मग तिच्या घरातून काय गेले होते ते ती सांगू लागली. आम्ही भिंतीच्या कट्ट्यावर बसलो. दगड ओला होता, तिने आपली छत्री मिटून खाली अंथरली. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा आम्ही दोघी उठलो.